लंगडणाऱ्या इंजिनाची कैफियत

गाडीचा मालक, तिचा चालक आणि घरातला कर्ता पुरुष या तिन्ही जबाबदाऱ्या ज्यांच्या एकट्याच्या खांद्यावर येऊन पडलेल्या असतात, अशा लहान मालकांच्या जिवावर आपल्या देशातल्या मालवाहतुकीचा फार मोठा हिस्सा चालतो, ही गोष्ट घाटात त्यांच्या मालमोटारींमागे अडकून वैतागणाऱ्या नागरिकाच्या सहसा ध्यानात येत नाही. अशा एखाद्या घराच्या अंगणातली वीस-बावीस वर्षांची जुनी गाडी एके दिवशी सकाळी सुरू होतानाच थरथरू लागली, पांढरा धूर ओकू लागली आणि भरल्या मालानिशी चढावर दम सोडू लागली, म्हणजे त्या घरापुढे उभा राहणारा प्रश्न निव्वळ यंत्रशास्त्राचा उरत नाही. पतपेढीचा हप्ता, विम्याची मुदत, आठ वर्षे उलटलेल्या व्यापारी वाहनास दरसाल करून घ्यावे लागणारे पासिंग आणि शब्द देऊन ठेवलेली भाडी, या साऱ्यांची तड त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर लागायची असते.

शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या अशाच एका घरी मी गेलो, तेव्हा त्या घरची गाडी बऱ्याच दिवसांपासून अंगणात उभी होती. रत्नागिरीकडून जांभा चिरा भरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे आणावयाचा आणि परतीला मिळेल ते भाडे घ्यावयाचे, हा तिचा नित्यक्रम. गाडीचे मालक, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, ते एका शहरातल्या गॅरेजात तिला दाखवून आले होते, आणि तिथल्या कारागिराने इंजिनाचा एकही नट न हलवता, केवळ आवाज ऐकून आणि धूर पाहून, ‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन बांधावं लागंल’ असा निवाडा दिला होता. इंजिन बांधणे म्हणजे ते खाली उतरवून, पार मोकळे करून, लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी घालून पुन्हा उभे करणे. आणि त्याचा त्यांना सांगितलेला आकडा लाखाच्या वरचा होता. आबांचे मेहुणे गावातले जुने मिस्त्री. विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करता करता ते मोटारींकडे वळलेले. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात. हा निवाडा कानी येताच त्यांनी एवढेच विचारले होते, “बांधायला कोण नको म्हणतंय? पण सहातला कुठला सिलिंडर मेलाय, ते तरी त्यानं सांगितलं का?”

या प्रश्नात निदानाचे सर्व मर्म आहे असे मला वाटते. इंजिन ‘मिसिंग’ करते हे वाटेने जाणारालाही कळते; त्यासाठी कारागीर लागत नाही. कारागीर लागतो तो रोग कोठे आहे हे ठरवण्यासाठी, आणि तोही असा की, जे फुकट तपासता येते ते आधी, ज्याला एक पाना पुरतो ते त्यानंतर, आणि ज्यासाठी खिशात हात घालावा लागतो ते सर्वांत शेवटी, हा क्रम जो कधी मोडणार नाही.

या गाडीचे इंजिन ६९७ या नावाने ओळखले जाते. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला. १९६९ साली तो करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी इंग्रजी टी आला, परंतु इंजिनाची जर्मन वंशावळ तशीच पुढे चालू राहिली. ६९७ मधला ६ हा सिलिंडरांचा आकडा आणि ९७ हा प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. १२८ मिलिमीटरचा स्ट्रोक धरला म्हणजे एकंदर घनफळ ५,६७५ घनसेंटिमीटर भरते. चार सिलिंडरांच्या ज्या ४९७ इंजिनावर टाटा ४०७ ही गाडी खेडोपाडी पोचली, त्याचे नावही याच रीतीने पडलेले आहे. या इंजिनांत संगणक नाही आणि संवेदक नाहीत. जे काही घडते ते दांड्यांनी, स्प्रिंगांनी आणि डिझेलच्या दाबाने घडते, आणि म्हणूनच ज्याला ऐकता येते त्याला ती स्वतःची कैफियत स्वतःच सांगतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात ओढलेली हवा सुमारे सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाऊन ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून धुक्यासारखे बारीक डिझेल आत फवारले गेले म्हणजे ते आपोआप पेट घेते. पूर्ण भारावरसुद्धा दर खेपेस जाणारे हे डिझेल एका थेंबाच्या आसपास असते. तेव्हा सिलिंडर नीट चालण्यास तीनच गोष्टी लागतात: पुरेशी दाबलेली हवा, पुरेसे आणि नीट फवारलेले डिझेल, आणि त्या दोहोंची अचूक वेळ. सहा सिलिंडर १-५-३-६-२-४ या क्रमाने पेट घेतात. मिनिटाला ६०० फेरे या संथ गतीवर इंजिन सोडले तर सेकंदाला एकंदर ३० स्फोट होतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्यास त्यांतले ५ येतात. एक सिलिंडर मेला की सेकंदाला पाच ठिकाणी ताल चुकतो, आणि मग केबिनचा आरसा, दाराची कडी आणि गियरचा दांडा ही सगळी त्या चुकलेल्या तालाची साक्ष देऊ लागतात.

मामांनी त्या सकाळी पाना उचलण्यापूर्वी बराच वेळ नुसती जबानी घेतली. गाडी कधीपासून बिघडली? थंड असताना अधिक लंगडते की तापल्यावर? मोकळी असताना, की माल भरल्यावर? सपाटीवर, की घाटात? डिझेल कुठल्या पंपावर भरले होते, आणि बिघाडाच्या आधी गाडीला शेवटचा हात कोणी आणि कुठे लावला? माझ्या मते या शेवटच्या प्रश्नाइतका मोलाचा प्रश्न यंत्राच्या तपासात दुसरा नाही, कारण चांगल्या चाललेल्या इंजिनात जो दोष उद्भवतो तो पुष्कळदा नैसर्गिक झिजेने न येता कोणाच्या तरी हाताने येतो. आबांनी आठवून आठवून सांगितले की, पावसाळ्याच्या आधी नोझल काढून तपासून पुन्हा बसवली होती आणि त्यानंतर काही दिवसांनीच सकाळचा धूर सुरू झाला. घाटातले दम सोडणे मात्र त्याच्याही आधीपासूनचे, पण ते कधी होई, कधी न होई, म्हणून तिकडे दुर्लक्ष झाले.

ही सर्व माहिती एका दोनशेपानी वहीत उतरवून घेत होती ती आबांची धाकटी मुलगी. ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम करते, आणि मामांच्या हाताखाली सुटीत काम करताना मामा जे बोटांनी ओळखतात ते ती वहीत मांडते. पुढचा सगळा तपास वस्तुतः तिनेच केला. मामा बाजेवर बसून होते.

धुराचा रंग ही पहिली निशाणी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. आणि डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरात पोचते आहे, परंतु पेटत नाही. हा धूर पांढरा होता, आणि इंजिन तापल्यावर बराच विरत होता. दुसरी निशाणी तालाची. एकाच सिलिंडरात दोष असला की लंगडणे नियमित असते, तेच ते पाऊल पुन्हा पुन्हा चुकते. डिझेलच्या मार्गात हवा शिरत असली की लंगडणे फिरते असते, आता हा सिलिंडर तर घटकेने तो, मध्येच इंजिन चढते आणि मध्येच पडते. अंगणात उभ्या गाडीचा ताल नियमित होता. म्हणजे अंगणातला आणि घाटातला असे रोगच दोन असावेत, ही शंका मामांनी तेव्हाच बोलून दाखवली. शहरातल्या निवाड्याने या दोन्हींची मोट एकत्र बांधली होती.

मग कोणता सिलिंडर, हा प्रश्न. चाकांना पुढून-मागून दगड लावून, हातब्रेक ओढून, ओढणी काढून आणि वेणी आत खोवून (पंख्याच्या पट्ट्यात कपडा सापडून झालेले अपघात या धंद्यात सर्वांनी ऐकलेले असतात) मुलीने थंड इंजिन सुरू केले आणि धुराड्याकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डवर, सहाही तोंडांच्या मुळाशी, तांब्यातल्या पाण्याचे शिंतोडे मारले. पाचांवरचे पाणी थोड्या वेळात चर्र करून उडाले. पुढून चौथ्या तोंडावरचे थेंब मात्र तसेच चमकत राहिले आणि ओघळून खाली गेले. यास कसलेही उपकरण लागत नाही. परंतु या एका पुराव्यावर ती थांबली नाही. इंजिन तापू देऊन, संथ गतीवर सोडून, तिने प्रत्येक नोझलवर येणाऱ्या दाबाच्या पाइपाचा नट फडक्याने झाकून, पान्याने किंचित सैल केला, क्षणभर ऐकले आणि पुन्हा आवळला. नट सैल केला की डिझेल बाहेर सांडते आणि तो सिलिंडर तेवढ्यापुरता बंद पडतो; चालता सिलिंडर बंद केला तर इंजिनाचा आवाज बदलतो आणि गती पडते, मेलेलाच बंद केला तर काहीच बदलत नाही. तिच्या वहीतली नोंद अशी होती: १, पडला. २, पडला. ३, पडला. ४, काही नाही. ५, पडला. ६, पडला.

पाइप सैल करताना तिने एकदाही उघडा हात त्याखाली धरला नाही हे मी मुद्दाम पाहिले. शेकडो बारच्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, फारसे दुखतही नाही, आणि आतले मांस मात्र काही तासांत नासू लागते. असे झाल्यास वेळ न दवडता शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जावे लागते, हे या धंद्यातल्या प्रत्येकास ठाऊक असावयास हवे आणि पुष्कळांना ते ठाऊक नसते.

चौथा सिलिंडर तर सापडला. आता दोष नोझलचा की सिलिंडरचा? याची कसोटी अशी की चौथ्याचे नोझल शेजारच्या पाचव्यात आणि पाचव्याचे चौथ्यात बसवावे. रोग नोझलाबरोबर पाचव्यात गेला तर नोझल दोषी, जागचा हलला नाही तर दोष सिलिंडरचा किंवा पंपातल्या त्या सिलिंडरच्या एलिमेंटचा. ही अदलाबदल तिने केली, इंजिन सुरू केले, आणि रोग जागचा हलला नाही. चौथ्याचा नट सैल केल्यावर डिझेल व्यवस्थित उसळत होते, तेव्हा पंपावरचा संशयही बराचसा फिटला. उरले ते कॉम्प्रेशन. आबा काही न बोलता उठून गोठ्याकडे गेले. शहरातल्या त्या कारागिराचा निवाडाच खरा ठरण्याची वेळ आली होती.

इथेच घाईचा आणि सबुरीचा कारागीर वेगळे होतात. कॉम्प्रेशन कमी आहे असे ठरल्यानेही इंजिन खोलावेच लागते असे नाही, कारण दाबलेली हवा निसटून जाण्याच्या वाटा अनेक आहेत: रिंगांवाटे खाली, व्हॉल्व्हवाटे बाहेर, हेड गॅस्केटमधून शेजारी किंवा पाण्यात, आणि खुद्द नोझलच्या बुडाशी. रिंगा गेल्या असत्या तर तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढल्यावर तिथून धुराचे लोट ठोक्याठोक्याने बाहेर पडले असते. ते पडत नव्हते. गॅस्केट गेले असते तर रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले असते. पाणी शांत होते. टॅपेटचे अंतर फिलर गेजने मोजून पाहिले, ते बरोबर होते. मग मामा पहिल्यांदा बाजेवरून उठले, साबणाचे पाणी मागवले आणि चालत्या इंजिनात चौथ्या नोझलच्या बुडाशी ओतले. तिथे फेस उकळल्यासारखा वर आला. नोझलभोवती काजळीचे एक काळे कडे होते. तेलकट घाणीत ते आतापर्यंत कोणाच्या नजरेस भरले नव्हते.

नोझल पुन्हा काढून, बॅटरीच्या उजेडात खाली पाहिले तर बुडाशी तांब्याचा जुना वॉशर तिरका चिकटून बसलेला. पावसाळ्याआधी ज्याने नोझल बसवली त्याने जुना वॉशर आतच राहिला आहे की काय हे न पाहता त्यावर नवा ठेवून नट आवळला होता. दोन वॉशर एकमेकांवर सपाट बसले नाहीत, आणि सकाळच्या गारठ्यात पेट घेण्याइतका दाब त्या फटीतून निसटून जात होता. तारेच्या आकड्याने तो वॉशर निघाला, बैठक घासून स्वच्छ झाली, आणि काही रुपयांच्या एका नव्या वॉशरवर चौथा सिलिंडर जिवंत झाला. आबांनी तो जुना वॉशर खिशात टाकला. त्या गॅरेजवाल्याला दाखवायचा म्हणाले.

नोझल काढलीच होती म्हणून ती सगळी तालुक्याच्या गावी पंप-नोझलच्या दुकानात तपासून आणली. हे काम घरी होत नाही आणि करूही नये. तिथे हातपंपाच्या यंत्रावर नोझल चढवून २०० बारच्या आसपासच्या नेमून दिलेल्या दाबाला ते उघडते का, धुके सारखे पडते का आणि दाब थांबल्यावर टोकाशी थेंब लोंबतो का, हे पाहतात. उघडताना ते जो कर्रकर्र असा आवाज करते त्यावरून जाणकार त्याची प्रकृती सांगतो. आपल्याकडे या वस्तूंना पिढ्यान्‌पिढ्या ‘मायको’ म्हणूनच मागितले जाते. १९५१ साली बंगळुरात स्थापन झालेल्या, जर्मनीच्या बॉश कंपनीशी संलग्न अशा मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे हे संक्षिप्त नाव; नोझल तयार करणारा तिचा कारखाना नाशकास आहे, आणि कंपनीने २००८ साली बॉश हे नाव घेतले तरी नाशिककर तिथल्या चौकास अजून मायको सर्कलच म्हणतात. पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकी असते. डिझेलमधल्या पाण्याने आणि कचऱ्याने ती खराब होते, आणि फिल्टर वेळेवर बदलणे हा त्यावरचा एकच स्वस्त उपाय आहे.

राहता राहिला घाटातला रोग. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या मार्गात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. तेथे भोक पडले तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते, आणि चिरलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढू पाहणारास जो अनुभव येतो तोच पंपास येतो. म्हणून हा दोष वरून पाहून सापडत नाही. मुलीने फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडली. अंगणात तीत एकही बुडबुडा दिसला नाही. मग गाडीत अर्धा माल भरून, डिझेलचा एक कॅन केबिनमागे बांधून, ते साखरप्याच्या बाजूने घाटाला लागले. टाकीवर चालताना, चढाच्या मध्यावर, नळीत बुडबुड्यांची माळ दिसू लागली आणि इंजिन चढ-उतार करू लागले. रस्त्याकडेला थांबून कॅनवर जोडणी करताच तोच चढ गाडी विनातक्रार चढली. दोष टाकीच्या आतच असला पाहिजे हे ठरले, आणि निघालाही तिथेच: टाकीत उभा सोडलेला, डिझेल वर ओढणारा पाइप निम्म्या उंचीवर बारीक चिरला होता. टाकी भरलेली असताना चीर डिझेलखाली राही, म्हणून काही होत नसे. टाकी निम्मी झाली आणि गाडी चढाला कलली की ती उघडी पडे. तो पाइप टाकीबाहेर काढून, धुऊन, पितळेने जोडून घेतला. टाकीला जागेवर वेल्डिंग करण्याचा मोह मात्र कोणी करू नये, कारण रिकाम्या टाकीतल्या वाफेने माणसे मेलेली आहेत.

यावरून शहरातली सगळी गॅरेजे लबाड आहेत असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्या कारागिराच्या दारात दिवसाला अनेक गाड्या उभ्या राहतात त्याला एका गाडीस सबंध सकाळ देणे परवडत नाही, आणि निदानाचे वेगळे पैसे द्यावयास आपल्याकडे कोणी मालक तयार नसतो. सुट्या भागांत आणि इंजिन बांधण्यातच कमाई असली तर निवाडाही तिकडेच झुकणार. तपासासाठी वेगळी मजुरी ठरवून दिली आणि ती खळखळ न करता चुकती केली, तर लाखाची कित्येक कामे हजारात संपतील. जुन्या गाड्यांचे गोडवे गाण्याचेही मला कारण दिसत नाही. बीएस-तीन आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या चाचणीत ६५ हार्ट्रिजपर्यंत सूट असते, म्हणजे त्या कायदेशीर असूनही पुष्कळ धूर सोडतात, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्याने नव्या गाड्यांचा धूर खरोखरच कमी झाला. परंतु रस्त्यावर जुन्या गाड्या आहेत तोवर त्यांतली नीट ठेवलेली गाडी ही लंगडणाऱ्या गाडीपेक्षा सर्वांच्याच फुप्फुसांना बरी.

घरी हा तपास करू पाहणाऱ्या वाचकास एकच विनंती. नट सैल करून सिलिंडर ओळखण्याची ही रीत जुन्या पद्धतीच्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरतीच आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत पाइपातला दाब १,६०० बारच्याही पुढे जातो आणि गाडी नुसती उभी असतानाही तो काहीशे बार असतो. त्या इंजिनाचा एकही पाइप चालू स्थितीत सैल करू नये, स्कॅनर असलेल्या कारागिराकडेच गाडी न्यावी, आणि आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे ठाऊक नसेल तर ते विचारून घेतल्याशिवाय पाना हाती धरू नये.